कडुलिंबाखालची बारा गाडगी

आमच्या मिशनच्या आवारातल्या म्हाताऱ्या माळ्याला भर दुपारी पायवाटेवरून बाजूला सरकून कोणाला तरी जागा द्यायची सवय होती. वाशीमच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी हे पाहिलं. उन्हानं सगळं पांढरं पडलेलं, आवारात चिटपाखरू नाही, आणि हा सत्तरीचा काटक म्हातारा खांद्यावर कावड घेऊन विहिरीकडून येता येता मध्येच थांबला, वाट सोडून वांग्याच्या वाफ्यात उतरला आणि मान लववून उभा राहिला. चार-पाच माणसं निघून जायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेला. मग तो पुन्हा वाटेवर आला आणि चालू लागला.

मी व्हरांड्यातून ओरडले, "आबा, वाट कोणाला दिलीत?"

"घरच्याच मानसाइले, बाई," आबा म्हणाले आणि कावड सावरत निघून गेले.

मी नगरकडची. आजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. भुताखेतांना हसायचं हे आमच्याकडे मुलांना वेगळं शिकवावं लागत नसे. शिवाय मी नुकतीच परीक्षा पास झालेली. हातात तापमापक आलं की जगातलं सगळं मोजता येतं, असं वाटायचं ते वय. तेव्हा मी पोट धरून हसले. आवारातलं दुसरं कोणी हसलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

विहिरीच्या पलीकडे एक जुना कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी आबांनी बारा गाडगी ओळीनं मांडलेली होती. वऱ्हाडात अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात. आबांची अखजी रोजच असायची. "वर्सातून एक डाव पाजून भागते का?" ते मला विचारायचे. "तुमी पेता का वर्सातून एक डाव?" बाराची घंटा झाली की ते गाडग्यांतलं शिळं पाणी झाडाला घालत, विहिरीचं ताजं भरत, आणि मग दहा पावलांवर जाऊन पाठ करून बसत. पिणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये, अशी त्यांची रीत. अर्ध्या तासानं उठून ते एकेका गाडग्यात डोकावत आणि समोर जो येईल त्याला बातमी देत.

"आज भावजय लय प्याली. माय जरासक कमीच प्याली. तिचा जीव बरा नसन."

"मेलेल्या माणसाचा जीव बरा नसतो म्हणजे काय हो, आबा?"

"तुमी दवाखान्यातल्या," ते गंभीरपणे म्हणत. "तुमाले माहीत."

असा माणूस मिशनच्या आवारात काय करत होता, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण आबा तिथे तीस वर्षं माळी होते आणि त्या तीस वर्षांत त्यांनी रविवारची एकही उपासना चुकवली नव्हती. आत मात्र बसायचे नाहीत. चर्चच्या पायरीवर बसून सगळं ऐकायचे. सगळी गीतं त्यांना पाठ. एखादा पाहुणा उपदेशक शास्त्र वाचताना ओळ गाळून पुढे गेला की पायरीवरून आवाज यायचा, "साहेब, एक वळ राह्यली." उपदेशक बिचारा बोट मागे नेऊन ती ओळ वाचायचा.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई, यांचा आबांवर फार जीव. या माणसाचा बाप्तिस्मा झाल्याशिवाय आपण मायदेशी परत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मी आल्यावर एकदाच आबा चर्चमध्ये पुढे यायला तयार झाले. मोठ्या बाईंनी स्वतः पितळी घंगाळ घासून भरून ठेवलं. मंडळी माना उंच करून बघतेय. आबा घंगाळाशी आले, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे माह्या डोक्स्यावर टाकनार?"

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आन् मंग खाली सांडन?"

"हो."

आबांनी दोन्ही हातांनी घंगाळ उचललं आणि एक थेंब न सांडता बाहेर चालत गेले. सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग. कडुलिंबाखाली जाऊन त्यांनी ते पाणी बाराही गाडग्यांत सारखं वाटलं, रिकामं घंगाळ पटक्यानं पुसून कोरडं केलं आणि मोठ्या बाईंच्या हातात आणून दिलं. मोठ्या बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या टेबलावर कोवळी वांगी आणि सांबाराची जुडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आली आणि बोलणं सुरू झालं.

त्या प्रकरणानंतर मी आबांना गाठलं. मला राग आला होता. माझ्या आजोबांनी जे पाणी डोक्यावर घेण्यासाठी घरदार सोडलं, गावाचे दगड खाल्ले, ते पाणी या म्हाताऱ्यानं झाडाखाली ओतलं होतं.

"आबा, येशू तुम्हाला आवडत नाही का?"

"काहून नाही? लय भला मानूस. ज्याले कोनी शिवे नाही त्याले हात लावे."

"मग घोडं अडतंय कुठे?"

आबा विहिरीच्या काठावर टेकले. "बाई, तुमच्या शास्त्रात तो श्रीमंत नाही का, जो मेल्यावर आगीत पडते? तो वरत पाहून म्हनते, बोट भिजवून माह्या जिभेवर ठेवा, लय तहान लागली. कोनी ठेवते का?"

"नाही ठेवत."

"म्हंजे मेलेल्याइले तहान लागते हे तुमाले बी कबूल हाये. फक्त पाजाची मनाई हाये." ते गाडग्यांकडे पाहत म्हणाले, "मी तुमच्यात आलो तं ह्याइले पाजीन कोन?"

मी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांनी मान हलवून आदरानं ऐकून घेतलं, आणि मलाच माझी लाज वाटली. पुढे मला कळलं की त्यांनी मोठ्या बाईंपुढे एक तोडही ठेवली होती. मी येतो, पण माझ्याबरोबर या सगळ्यांनाही घ्या. घंगाळातलं थोडं थोडं त्यांच्याही नावानं टाका. मोठ्या बाईंना खोटं बोलणं जमत नसे. गेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा करता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. "मंग मले बी राहू द्या इकडंच," आबा म्हणाले आणि मेथीला पाणी द्यायला गेले.

आता मोजायची खुमखुमी मला गप्प बसू देईना. एका सोमवारी मी आयोडिनची बाटली आणि बोरू घेऊन कडुलिंबाखाली गेले आणि प्रत्येक गाडग्यावर आतून पाण्याच्या पातळीची खूण केली. आबांनी हरकत घेतली नाही. "पाहा, बाई, पाहा. मले बी बरं वाटन." अर्ध्या तासानं पाहिलं तर अकरा गाडग्यांतलं पाणी बोट-दीड बोट खाली गेलेलं. कच्ची माती, वैशाखाचं ऊन, गरम वारा; त्यात नवल नव्हतं. नवल बाराव्याचं होतं. त्यातलं पाणी खुणेपासून केसभरही हललं नव्हतं.

मी ते गाडगं बदललं. एकाच कुंभाराकडून बारा नवी आणली. जागा बदलून पाहिल्या. पहिलं बाराव्याच्या जागी ठेवलं, बारावं पहिल्याच्या. आठ दिवस झाले. माती कोणतीही असो, आबा ज्यात बाराव्या नावानं पाणी ओतत ते काठोकाठ तसंच राही. मी म्हटलं, तिथे सावली जास्त असेल. मग म्हटलं, वारा लागत नसेल. माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. पण आठव्या दिवशी त्या गाडग्यात डोकावले, आणि पाणी इतकं स्थिर होतं की माझे हात गार पडले. वर डोळे दिपवणारं ऊन होतं.

"तो पीत नाही," मागून आबा म्हणाले. "रुसला हाये माह्यावर."

"कोण?"

"माहं पोरगं."

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या दुष्काळात रिठदहून ते बायको-पोरासह वाशीमला आले. वावर उजाड, विहिरीत चिखलसुद्धा नाही. पोरगा चार वर्षांचा. मिशनच्या बंगल्यावर पेज मिळते असं ऐकून त्यांनी त्याला बंगल्याच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, हलू नको, मी येतो. काम शोधून आठ दिवसांनी आले तेव्हा मुलांची एक तुकडी रेल्वेनं मुंबईकडच्या अनाथाश्रमात गेली होती. नेणारे साहेब वाटेत पटकीनं वारले. कोणतं पोर कुठे गेलं याचा पत्ता लागेना. "मंग मी म्हनलं, जिथं ठेवलं तिथंच परत यीन. म्हनून इथं माळ्याचं काम धरलं."

बारा वर्षं वाट पाहिली. बारा वर्षं ज्याचा ठाव लागत नाही तो मेला असं धरायचं, ही रीत. भाऊबंद मागे लागले, बायको रडून रडून अर्धी झाली. पोराला गती तरी मिळू दे, म्हणाली. शेवटी पळसाच्या पानांचा पोराएवढा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, दहावं-बारावं केलं. नंतर मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत बायको गेली, भाऊ, भावजय, माय, घरातलं एकेक करून सगळं गेलं. प्रत्येकानं डोळे मिटताना पाणी मागितलं आणि प्रत्येकाला आबांनी शब्द दिला, की मी असेपर्यंत तुम्हाला तहान लागू देणार नाही.

"तुम्हाला मिशनचा राग नाही येत?" मी विचारलं.

"कायले? त्याइनं खाऊ घातलं त्याले. मी तं उपाशी ठेवलं होतं."

त्याच्या पुढच्या वर्षी, हिवाळा सरता सरता, वाशीमच्या मंडळीला नवे पाळक आले. उंच, किडकिडीत, पस्तिशीचे गृहस्थ. बोलणं अगदी पुस्तकी. सामान उतरवायच्या आधीच त्यांनी खिशातून एक कागद काढून मला दाखवला. आश्रमाच्या जुन्या वहीतून उतरवून घेतलेली ओळ होती: जात माळी, गाव रिठद, मूल वाशीमच्या बंगल्याच्या पायरीवर मिळाले.

"मी आधी रिठदला जाऊन आलो," ते म्हणाले. "नाव सांगितलं तर एका बाईनं किंचाळून दार लावून घेतलं. म्हणे, तुझं तर क्रियाकर्म झालं." ते हसले, पण हसू पुरतं उमटलं नाही. "माझे वडील इथे आहेत असं कळलं."

दुपारची बाराची घंटा नुकतीच झाली होती. मी त्यांना कडुलिंबाकडे घेऊन गेले. आबा नेहमीप्रमाणे गाडग्यांकडे पाठ करून बसले होते. पाळकांनी हाक मारली, "बाबा!" आणि आपलं लहानपणीचं नाव सांगितलं.

आबांनी वळून पाहिलं नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "आला का? पे, बावा. तुह्यासाठीच भरून ठेवलं. पे."

पाळक पुढे झाले आणि आबांच्या समोर जाऊन उभे राहिले. आबांनी आधी त्यांचे बूट पाहिले, मग जमिनीवरची सावली. ती हातानं चाचपली. "सावली पडून राह्यली तुही," ते म्हणाले, आणि मग तो म्हातारा त्या बुटांवर डोकं ठेवून असा रडला की मला तिथे उभं राहवेना.

"म्हनून पीत नव्हता तो!" आबा येईल त्याला सांगत सुटले. "जिता मानूस कायले पीन?" बारावं गाडगं त्यांनी पालथं घातलं. पुढचे सात-आठ महिने तो माणूस जमिनीवर चालत नव्हता. पोराच्या उपदेशाला ते पायरी सोडून उंबऱ्यावर येऊन बसू लागले. मोठ्या बाई मला डोळ्यांनी खुणावायच्या, की आता फक्त हातभर अंतर राहिलं.

दिवाळीनंतर पाळकांना तहान लागू लागली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. उपदेश करता करता दोनदा, मग चारदा पेला उचलायचे. मग घागरभर पाणी खोलीत लागू लागलं, मग दोन घागरी. खाणं भरपूर आणि अंग मात्र झिजत चाललेलं. मोरीत त्यांच्या लघवीला मुंग्यांची रांग लागलेली पाहिली आणि मला रोग कळला. मधुमेह. मोठ्या बाईंनी मुंबईहून नव्या औषधाच्या सुया मागवल्या. एक पार्सल वाटेत गहाळ झालं, दुसरं उन्हानं नासून आलं. त्या औषधाला गारवा लागे आणि आमच्याकडे फाल्गुनातच अंगाची लाही होत होती.

आबांना रोगाचं नाव सांगून उपयोग नव्हता. त्यांनी त्यांचं निदान केलं होतं. ज्याचं क्रियाकर्म झालं, ज्याला इतकी वर्षं मेलेल्याचं पाणी पाजलं, त्याचं गाडगं आपण पालथं घातलं. आता तो तहानेनं मरतोय. त्यांनी गाडगं सुलटं केलं आणि भरलं. मी शेजारीच होते. खूण करायची गरज पडली नाही. आम्ही पाहत असताना पाणी खाली गेलं, अर्ध्या तासात तळाला गेलं. शेजारची अकरा नेहमीसारखी बोटभरच उतरली होती.

"चीर गेली असेल," मी म्हटलं. चीर नव्हती. खालची माती कोरडी होती.

आबा गावातल्या जोशीबुवांकडे गेले. त्यांनी शास्त्र सांगितलं: क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, बारसं करून नाव ठेवायचं. मग तो मेलेल्यांतून उठून जित्यांत येतो. आबा धावत पाळकांच्या खाटेशी आले.

"पोरा, एक डाव जलम घे. मंग तुही तहान जाईन."

"बाबा, मी पाण्यानं एकदा जन्मलो आहे," पाळक म्हणाले. बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. "पुन्हा जन्मलो तर तो जन्म खोटा होईल. तुम्हीच या माझ्याकडे. नाहीतर मी गेल्यावर आपली भेट कुठे व्हायची?"

महिनाभर हे चाललं. बाप पोराला म्हणे, जन्म घे. पोरगा बापाला म्हणे, तुम्ही घ्या. दोघांचा हट्ट एकाच मातीचा. आणि दोघांना भीती एकच होती: पलीकडे आपलं माणूस एकटं पडेल. मी पाळकांची उशी सरकवता सरकवता हे ऐकायचे आणि कोणाच्या बाजूनं उभं राहावं हे मला कळायचं नाही.

मग एका सकाळी आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. खाटेशी हात जोडून उभे राहिले, जसे मोठ्या बाईंसमोरही कधी राहिले नव्हते.

"मी घेतो तुमचं पानी," ते म्हणाले. "आजच घेतो. समदे तहानले राह्यले तरी चालन, ते मोठे हायेत, माफ करतीन मले. मी तुमचं घेतो, तू आमचं घे. जगून जा फक्त."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांचा धोंडा हलला होता. पाळकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "नाही, बाबा. देवाशी असा सौदा होत नाही. तुमचं मन तिथे आहे. मन सोडून नुसतं डोकं भिजवलं तर तो बाप्तिस्मा नव्हे. मी तो करणार नाही, कोणाला करूही देणार नाही."

मला त्या माणसाचा संताप आला. आजही ते आठवलं की क्षणभर येतो. म्हाताऱ्यानं आपलं सगळं समोर आणून ठेवलं होतं आणि यानं ते परत केलं. आबांनी मात्र पोराच्या पायांवरची चादर नीट केली आणि निघून गेले. बारा वाजत आले होते.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, मी खोलीत एकटी होते. मोठ्या बाई दवाखान्यात शस्त्रक्रियेत. पाळकांचे ओठ फाटून रक्त येत होतं. खाटेखाली दोन घागरी रिकाम्या पडलेल्या. त्यांनी माझा हात धरला.

"सिस्टर, त्या गाडग्यातलं पाणी आणाल?"

"कोणत्या?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला फार तहान लागली आहे," एवढंच म्हणाले.

मी गेले. ख्रिस्ती घरात जन्मलेली, परीक्षा पास झालेली मी, भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन कडुलिंबाखाली गेले. आबा पाठ करून बसले होते. मी चपला काढून आले होते, पावलांचा आवाज नव्हता. बारावं गाडगं उचललं तेव्हा ते न वळताच म्हणाले, "धीरानं न्या, बाई. सांडू नोका."

पाळकांनी ते गाडगं एका दमात संपवलं. मग उशीवर टेकले आणि म्हणाले, "बस." चार महिन्यांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यांना शांत झोप लागली. मी गाडग्यात हात घातला. आतली माती कोरडी ठणठणीत होती, नुकतीच भट्टीतून काढल्यासारखी. चारच्या सुमारास ते झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी मिशनच्या दफनभूमीत मोठ्या बाई बोलल्या. हा माणूस शेवटपर्यंत डळमळला नाही, बापाच्या डोळ्यांतले अश्रू पाहूनही त्यानं दुसरं पाणी स्वीकारलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मंडळी स्फुंदून रडली. माझं तोंड भाजल्यासारखं झालं. मी आबांकडे पाहिलं. ते कबरीच्या काठाशी उभे होते. रिठदचे दोघे-तिघे भाऊबंद लांब कुंपणाशी थांबले होते. आबांनी एक शब्द उच्चारला असता तर तीस वर्षांच्या वादात जीत त्यांची होती. ते मूग गिळून उभे राहिले आणि सगळ्यांबरोबर मूठभर माती लोटून परतले.

मी त्यांना वाटेत गाठलं. "आबा, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय?"

"पाळक ते पाणी प्यायले हे."

"त्यानं त्याच्या देवाले शब्द देला होता," आबा म्हणाले. "तहानेपायी एक डाव सुटला असन. म्हनून मी तो लोकाइसमोर मोडू?" थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाले, "मी बी माहा शब्द मोडाले गेलतो. त्यानं मोडू नाही देला मले. लय उपकार केले पोरानं."

"आणि तुमच्यामागे या गाडग्यांचं काय?"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं हे मला स्पष्ट दिसलं, आणि त्यांनी ते गिळलंही. "तुमाले नाही सांगत, बाई. तुमचा बी शब्द असन कोनाले देलेला."

पावसाळ्याच्या आधी एका दुपारी ते पाठ करून बसले आणि अर्ध्या तासानं उठले नाहीत. मोठ्या बाईंनी नाडी पाहिली. मग दवाखान्याच्या कपाटातून नवी कोरी चादर काढून त्यांच्यावर घातली. रिठदचे लोक बैलगाडी घेऊन आले. मोठ्या बाई फाटकापर्यंत गाडीबरोबर चालत गेल्या. कोणतंही गीत म्हटलं नाही. पुढच्या वर्षी त्या मायदेशी गेल्या.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाराची घंटा झाली आणि मी विहिरीवर होते. कशी गेले ते आठवत नाही. बादली भरून काढली, कडुलिंबाखाली आले. बाराही गाडगी कोरडी होती. वारा पडलेला. आणि माझ्याभोवती गर्दी आहे असं मला वाटलं. म्हाताऱ्या बायका, माणसं, कोणी पुढे येत नाही, कोणी मागत नाही, नुसती वाट पाहत उभी आहेत. बादली तिरपी करायचा अवकाश होता. एवढंसं काम. पण माझा हात होईना. मला आजोबा आठवले, दगडांनी फुटलेलं त्यांचं कपाळ आठवलं, त्यांना मी म्हणून दाखवलेली पहिली प्रार्थना आठवली. त्या उन्हात उभी राहून मी ढसाढसा रडले, कारण घंगाळापुढे उभ्या राहिलेल्या आबांना काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यासारखीच मीही माझ्या मेलेल्यांना सोडू शकत नव्हते.

"माफ करा," मी मोठ्यानं म्हटलं आणि भरलेली बादली घेऊन परत फिरले.

विहिरीपासून व्हरांडा शंभरेक पावलं. निम्म्या वाटेवरच बादली हाताला हलकी लागू लागली, पायरीशी आले तेव्हा अगदीच हलकी. बादली जुनी होती, गळत असेल. मी आत डोकावून पाहिलं नाही.